पथारीवरचं हेलिकॉप्टर

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची हकिगत ऐकून लोकांचा भलताच समज होतो. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी अजूनही स्वयंपाकघरातून बाहेर पडतो. गॅसची टाकी बायको बदलते आणि मी अंगणात उभा राहून ‘झालं का’ विचारत राहतो. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकवण्यात अर्धं आयुष्य गेलं, तरी लेथ सुरू करताना माझं लक्ष आधी स्वतःच्या बाह्यांकडे जातं. असा माणूस घराच्या मागच्या खोलीत जेट इंजिनावर उडणारं हेलिकॉप्टर बांधायला बसला, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं की तुम्हाला हे सांगितलंय कुणी?

सांगितलं कुणीच नव्हतं. लहानपणी शहाद्याजवळ मामाच्या गावी होतो, तेव्हा निवडणुकीच्या धामधुमीत कुणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं होतं. सगळं गाव त्याच्याकडे धावलं आणि मी उलटा, उसात. त्या उसाच्या आडून मी ते पाहिलं आणि ते मनात जे बसलं ते बसलंच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी हेलिकॉप्टर लागलं. बॅटरीवर उडणारी लहान हेलिकॉप्टरं मी बरीच वर्षं उडवली, पाडलीही. पण ती खेळणी. पडली तर हसून गोळा करायची. मला हवी होती खऱ्याची हुबेहूब प्रत, तशीच दारं, तसेच पत्र्यावरचे रिवेट, आणि तोच उसात ऐकलेला आवाज. तो आवाज बॅटरीतून निघत नाही. त्याला टर्बाइनच लागतं.

टर्बाइन परदेशातून आलं. खोकं उघडलं तर आत तांब्याएवढी एक चकचकीत वस्तू. दिसायला गरीब. पण तिच्या पोटात रॉकेल जळतं, आतलं चाक मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि मागून निघणाऱ्या झोतापुढे कागद धरला तर भुरकन पेटतो. सोबतच्या पुस्तिकेत पानोपानी लाल त्रिकोण होते आणि प्रत्येक त्रिकोणात उद्गारचिन्ह. मी ते खोकं पुन्हा बंद केलं आणि गोधड्यांच्या कपाटात ठेवून दिलं. पुढे कितीतरी दिवस मी फक्त बाकीचं हेलिकॉप्टर बांधत होतो, म्हणजे ज्यात काही पेटत नाही असं सगळं.

ते काम मात्र मी मन लावून केलं. फायबरच्या अंगावर रिवेट म्हणून इंजेक्शनच्या सुईने गोंदाचे थेंब सोडले, एकेक, ओळीने. दारांना बिजागऱ्या केल्या. पुढच्या सीटवर वीतभर उंचीचा बाहुला पायलट बसवला. आई दारात उभी राहून बघायची. एकदा तिने त्या बाहुल्याकडे बोट केलं आणि म्हणाली की स्वतः बसायची छाती नाही, म्हणून या बिचाऱ्याला बसवलंस होय. पंखे बसवले तेव्हा मात्र माझी झोप उडाली. दोन पाती, पसरली की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यांच्या मुळाशी असलेल्या स्क्रूंपैकी एक जरी सैल राहिला तर ते पातं तलवारीसारखं सुटणार, आणि समोर कोण आहे हे बघणार नाही. मी ते स्क्रू लावले, काढले, पुन्हा लावले. आयटीआयमधून घरी आलो की चहाच्या आधी खोलीत जाऊन त्यांना हात लावून यायचो.

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं ते परसात, लाकडी घोडीवर बांधून. आईने नारळ फोडल्याशिवाय हात लावू दिला नाही. तो नारळ पण लांब जाऊन फोडायला लावला मी, करवंटीची एखादी चीप इंजिनात गेली तर काय, या भीतीने. बायको आग विझवायचा सिलेंडर धरून उभी होती. बटण दाबलं. आधी नुसती कुणकुण, मग शिट्टी, आणि एकदम मागून हातभर ज्वाळ बाहेर आली. मी बंद करायचं बटण शोधेपर्यंत ज्वाळ आपोआप आत गेली आणि इंजिन नीट गाऊ लागलं. दोरीवरच्या टॉवेलला भोक पडलं होतं. आई हसून लोटपोट झाली. मी मात्र त्या दिवशी जेवलो नाही.

आईचं हे हसणं मी जन्मभर ऐकत आलो. ती कशालाच भीत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी शाळेत असतानाच वडील आजाराने गेले आणि पथारी आईने अंगावर घेतली. पथारी म्हणजे शहराबाहेरची आमची सपाट, टणक केलेली जमीन. हिवाळाभर तिच्यावर ओली लाल मिरची वाळत पडलेली असायची. मिरचीच्या ट्रॉल्या यायच्या, आणि रांगा मोडू न देता त्या मागे घेऊन नेमक्या जागी लावायच्या असायच्या. ते काम आईचं. ट्रॉली जिथे थांबायला हवी तिथे ती स्वतः जाऊन उभी राहायची, हात वर करून, आणि ड्रायव्हरला बोलवत राहायची. डावं-उजवं म्हणायची पद्धत नव्हती. ड्रायव्हरचं तोंड एकीकडे, सांगणाऱ्याचं दुसरीकडे, मग डावं नक्की कुणाचं? म्हणून एका बाजूला कडुनिंब होता ती ‘निंबकडे’, दुसरीकडे रस्ता होता ती ‘सडककडे’, आणि समोर ‘विहीरकडे’. भरलेली ट्रॉली मागे मागे येत तिच्या अंगाला भिडायला आली की ती म्हणायची, ‘बस.’ आणि फळीवर थाप मारायची. मी शेडच्या दारात दप्तर घेऊन बसलेला असायचो, आणि प्रत्येक वेळी ट्रॉली जवळ आली की डोळे मिटून घ्यायचो. थाप ऐकू आली की उघडायचो.

दुसरी आठवण तिच्या पदराची. आम्ही भावंडं रडलो तर... बाकीच्यांच्या आया पदराने डोळे पुसायच्या. आमच्या आईने कधी पुसले नाहीत. तिच्या पदरात, हातात, केसांत मिरची मुरलेली असायची. आम्ही रडायला लागलो की ती आमचे दोन्ही हात मनगटापाशी धरून ठेवायची, डोळे चोळू नये म्हणून, आणि रडणं आपोआप थांबायची वाट बघायची. तिला स्वतःला मिरचीचं काही वाटेनासं झालं होतं. नवीन बाया ठसकून बेजार व्हायच्या आणि ही त्यांच्यामधून नाकाला पदरही न लावता फिरायची.

हेलिकॉप्टर तयार झालं, आणि आता उडवायचं कुठे हा प्रश्न आला. शाळेच्या मैदानावर मुलं. प्रकाशा गावाला तापीच्या काठी वाळू आणि दर्शनाला येणारी माणसं. तोरणमाळला वर पठार आहे, पण त्या घाटातून माझी गाडी वळणं घेताना मागच्या सीटवर टर्बाइन आणि रॉकेल, या कल्पनेनेच मला घाम फुटला. परवानगीचे सोपस्कार झाले होते, त्यामुळे तेही निमित्त उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला जागा सापडायलाच नको होती. तेव्हा आई म्हणाली, “आपली पथारी रिकामी शे ना. तठे उडाड.”

आम्हाला सगळ्यांना ते पटलं, हेच आमचं चुकलं. उन्हाळा लागला होता, मिरचीचा हंगाम संपला होता. जागा सपाट, मोकळी, जवळ वस्ती नाही. आईने आदल्या दिवशी बाया लावून सगळी पथारी झाडून घेतली आणि पहाटे उठून सडा मारला, पाहुणे यायचे असल्यासारखा. ती जमीन बघून मलाही भरून आलं. वर्षानुवर्षं ज्या मातीत मिरची वाळली, तुडवली गेली, भुगा होऊन मुरली, त्या मातीवर आपण केवढा वारा सोडणार आहोत, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नाकात मिरचीचा वास घेऊनच आम्ही वाढलो होतो, त्यामुळे तो वास आम्हाला येतच नव्हता. बाहेरचा कुणी असता तर पाऊल ठेवताक्षणी शिंकला असता.

सकाळी वारा पडलेला होता. गाडी शेडपाशी लावली. बायकोला सिलेंडर देऊन गाडीच्या मागे उभं केलं आणि आईला तिथेच खुर्चीवर बसवलं. मी तिला दोनदा बजावलं की काही झालं तरी या गाडीच्या पुढे यायचं नाही, पातं लागलं तर माणूस राहत नाही. ती हो हो म्हणाली. लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाली. मी शेडकडे पाठ करून उभा राहिलो. डाव्या हाताला कडुनिंब, उजवीकडे रस्ता, समोर लांब विहीर, आणि मधे ते हेलिकॉप्टर, त्याची शेपटी माझ्याकडे. रिमोटची पट्टी गळ्यात होती म्हणून बरं, नाहीतर तो हातातून सुटला असता.

इंजिन लागलं. पंखे आधी मोजता येतील असे फिरले, मग त्यांचं एक धुरकट तबक झालं. तोच आवाज, उसातला. जमीन ओली होती, धूळ उठली नाही. मी रिमोटवरची काडी हळूहळू पुढे सारली आणि ते उचललं गेलं. गुडघाभर, कमरेएवढं, मग माझ्या डोक्याच्या वर. सूर्य त्याच्या काचेवर चमकला. आत तो बाहुला बसलेला दिसला आणि मला खरोखर वाटलं की हाच मी. क्षणभर मी भ्यालो नव्हतो. ते सुख मला आजही आठवतं, आणि तेवढंच होतं.

मला उतरवायला हवं होतं, पण मी ते तिथेच तरंगत ठेवलं, बघत राहिलो. खालच्या वाऱ्याने सडा वाळला. मग मातीची साय फुटली आणि पंख्याखालून लालसर धूळ गोल फिरत वर आली. मला ती सुंदर वाटली. पुढच्या श्वासाला मला ठसका लागला आणि त्याच्या पुढच्या श्वासाला डोळे गेले. गेले म्हणजे मिटले, आणि उघडेनात. चष्म्याच्या खालून, वरून, सगळीकडून मिरची आत शिरली होती. पापण्या उघडायला गेलो की आग व्हायची आणि त्या आपोआप घट्ट व्हायच्या. मागे बायको खोकत होती, उलटी झाल्यासारखी. तिने माझं नाव घेतलं, जे ती कधी घेत नाही.

समोर ते हवेतच होतं. ऐकू येत होतं. आतल्या यंत्रणेमुळे ते तोल धरून राहतं, पण जागा धरत नाही. जरा झुळूक आली की सरकतं. इंजिन बंद करावं तर जिथे असेल तिथे कोसळणार, आणि पाती फुटून कुठे जातील सांगता येत नाही. वर न्यावं तर रॉकेल किती पुरणार? आवाज मोठा होत चालला होता. ते माझ्याकडे, म्हणजे आमच्याकडे, सरकत होतं हे मला कळत होतं, पण किती, आणि निंबाच्या अंगाने की रस्त्याच्या, ते कळत नव्हतं. चुकीच्या बाजूला काडी दाबली तर मीच ते गाडीवर नेऊन घातलं असतं. मी घरात बोलायची भाषा विसरलो, शाळेची विसरलो, आणि लहानपणीच्या भाषेत ओरडलो, “माय, माले काहीच दिसत नई.”

मागून तिचा आवाज आला, अगदी रोजचा. “हात तसाच धर.” ती खोकतही नव्हती. मग चपलांचा आवाज माझ्या बाजूने गेला. माझ्या बाजूने, आणि पुढे. मी तिला मागे फिर म्हणून ओरडलो. माझा आवाज मला इंजिनाच्या वर ऐकू आला, एवढा ओरडलो. चपला थांबल्या नाहीत. पंख्याचा वारा माझ्या तोंडावर येत होता. त्या वाऱ्यात माझी आई चालत गेली होती आणि माझ्या हातातल्या दोन काड्यांवर तिचा जीव होता. मी आयुष्यात ज्या ज्या गोष्टींना भ्यालो, त्या सगळ्या मिळून त्या एका क्षणाएवढ्या नव्हत्या.

मग आवाज आला तो विहिरीच्या बाजूने. हेलिकॉप्टरच्या पलीकडून. ती वळसा घालून त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली होती.

“विहीरकडे यू दे,” ती म्हणाली.

विहीरकडे म्हणजे पुढे. माझ्यापासून लांब, आणि तिच्या अंगावर. ती त्याला आमच्यापासून काढून स्वतःकडे बोलवत होती. माझा अंगठा हलेना. ती पुन्हा म्हणाली, जरा चढ्या आवाजात, जसं नवख्या ड्रायव्हरला म्हणायची. मी काडी पुढे केली, केसाएवढी. तोंडावरचा वारा कमी झाला.

“यू दे. यू दे. निंबकडे जरासं. जरासं सांगं मी. हां. विहीरकडे यू दे.”

मला दिसत काहीच नव्हतं, पण ती पथारी मला पाठ होती. निंब कुठे, सडक कुठे, हे अंगालाच माहीत होतं, त्यासाठी डोळे लागत नव्हते. तिचा शब्द आला की अंगठा जायचा. इंजिनाचा आवाज लांब होत होता आणि तिचा आवाज त्याच्यात बुडत चालला होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बस म्हण, आता बस म्हण. ती म्हणत नव्हती.

“बस. आते खाले यू दे. हळू.”

मी खाली आणलं. ते टेकायला किती वेळ लागला देव जाणे. त्याच्या पायांसारख्या दोन पट्ट्यांपैकी एक आधी टेकल्याचा आवाज आला, ते डगमगलं, मग दुसरी टेकली. मी इंजिन बंद केलं. शिट्टी उतरत गेली. पाती मात्र फिरतच होती, सप्, सप्, हवा कापत. ती थांबेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नसतं. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. पाती फिरत होती आणि माझी आई बोलत नव्हती. मी फळीवरच्या त्या थापेची वाट बघत होतो, आणि इथे थाप मारायला फळी कुठे होती?

पाती थांबली. तरी काही नाही. मी गळ्यातली पट्टी काढली, रिमोट खाली टाकला आणि दोन्ही मुठींनी डोळे चोळायला घेतले, कसेही करून ते उघडायचेच म्हणून. तेवढ्यात माझी मनगटं कुणीतरी धरली. दोन्ही. घट्ट, खरखरीत हातांनी.

“चोळू नको,” आई म्हणाली.

मला रडू फुटलं. बायको पाण्याची कळशी घेऊन धडपडत आली आणि माझ्या तोंडावर पाणी ओतत राहिली. पाण्याने आधी जास्तच आग झाली, मग कमी झाली. आईने माझी मनगटं सोडली नव्हती. मनगटं थरथरत होती. मला वाटलं, साहजिक आहे, मी भित्राच. पण माझे पाय आता स्थिर होते, छातीही शांत होत चालली होती, आणि थरथर कमी होत नव्हती. मग डोळे थोडे उघडले आणि मला दिसलं की थरथरतायत ते तिचे हात. तिचं तोंड लाल मातीने माखलं होतं, ओठ कोरडे पडले होते. बहुधा म्हणूनच ती बोलली नव्हती, तिच्याच्याने शब्द निघाला नव्हता.

तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. हेलिकॉप्टर नीट बसलं होतं. बाहुलाही जागेवर होता. वाऱ्याने सगळी पथारी पुसून काढली होती, फक्त त्याच्या पुढे, पात्याच्या टोकापासून हातभर अंतरावर, मातीत दोन चपला खोल रुतल्याच्या खुणा होत्या. एकाच जागी. पाय मागे सरकल्याची खूण नव्हती.

मी तिला विचारलं, “तू तठे काब्र गयी? तुले भ्याव नई वाटत का?”

ती म्हणाली, “वाटस ना. ट्रॉली मांगे यी ऱ्हायनी का तवय बी पोटमा गोळा उठे. रोज उठे. पन मी बाजूले हटी गऊ, तं त्यानी कोठे थांबानं?”

तिने पदर उचलला, माझ्या डोळ्यांपर्यंत आणला, आणि काय आठवलं कुणास ठाऊक, तसाच खाली सोडला. मग माझी मनगटं पुन्हा धरली आणि ती तिथेच मातीत बसली. मीही तिच्यासोबत खाली बसलो, आणि तिचे हात थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.